बरणी कोणाची?

आमच्या मजल्यावर न्यूझीलंड राहायला येणार ही बातमी मला एका रविवारी, उपासना संपल्यावर, चर्चच्या पायरीवर कळली. हातात चहाचा कप होता म्हणून टाळी वाजवता आली नाही.

“भगिनी,” पाळकसाहेब म्हणाले, “मिशनरी कुटुंब येतंय. नवरा, बायको, सात वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा. साहेब आपल्या बायबल विद्यालयात जुना करार शिकवणार. तुमच्या शेजारचा फ्लॅट घेतलाय त्यांच्यासाठी. तेवढं त्यांना पुण्यात लावून द्या.”

रोप लावून द्यावं तसं ते म्हणाले. मी तिथल्या तिथे हो म्हटलं. माझ्या पणजोबांच्या काळात मिशनरी घोड्यावरून यायचे, गावात शाळा काढायचे आणि आमच्या लोकांना काटा-चमचा कसा धरायचा ते शिकवून जायचे. या खेपेला चमचा माझ्या हातात येणार होता. अशी संधी आमच्या खानदानात पुन्हा कोणाला मिळणार!

कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर तीन दारं आहेत. जिन्यासमोर माझं, डावीकडे या नव्या मंडळींचं, आणि त्यांच्या बरोबर समोर बाईंचं. बाई म्हणजे गणिताच्या निवृत्त शिक्षिका. जन्म पेठेतला, लग्न पेठेतलं, आणि मुलाने फ्लॅट घेतला म्हणून उतारवयात कर्वेनगर. ही बदली त्यांनी अजून मान्य केलेली नाही. बाईंच्या यजमानांना सगळी सोसायटी काका म्हणते. काकांना मधुमेह आहे, त्यामुळे ते गॅलरीत बसून दुसरे काय खातात यावर लक्ष ठेवतात.

शाळा सुरू व्हायच्या सुमारास मंडळी आली, आणि पहिले काही आठवडे माझी नुसती चंगळ झाली. साहेब म्हणजे सहा फूट उंच, लाल कानांचा, अतिशय सज्जन माणूस. ते कर्वे रस्त्यावर झेब्रा क्रॉसिंगपाशी उभे राहिले आणि गाड्या थांबायची वाट बघू लागले. श्रद्धावान माणूस, बघतच राहिला. मी भाजी घेऊन परत आले तरी ते तिथेच, प्रत्येक रिक्षावाल्याकडे बघून हसत उभे. शेवटी कुठल्याशा आजीबाईंनी त्यांचा दंड धरला, दुसरा हात रहदारीला दाखवला, आणि दोन्ही बाजूंना बसगाड्यांच्या भिंती उभ्या करून त्यांना पलीकडे नेलं. संध्याकाळी साहेब मला म्हणाले, “निर्गमाचं पुस्तक, समुद्र दुभंगून वाट होते ते, मी कित्येक वर्षं शिकवतोय. आज समजलं.”

चार वर्षांच्या चिरंजीवांनी पुण्याची हवा अनुभवली आणि यापुढे चड्डीखेरीज काहीही घालणार नाही असं जाहीर केलं. सात वर्षांच्या ताईसाहेबांची अडचण निराळी होती. जो तो तिचे गाल ओढायचा. वाणी ओढायचा, इस्त्रीवाली ओढायची, बसस्टॉपवर अनोळखी माणसं रांग लावून ओढायची. तिने थोडे दिवस सोसलं. मग तिला स्कूटरवरच्या मुली दिसल्या, डोळ्यांपुरती फट ठेवून डोक्याला आणि तोंडाला ओढणी गुंडाळलेल्या. तिने आईची ओढणी घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून ती वाण्याकडे, बागेत, रविवारी चर्चला, सगळीकडे दरोडेखोरासारखी हिंडू लागली. पाळकसाहेबांनी कौतुकाने ओढणी बाजूला करायला हात पुढे केला, तर आतून आवाज आला, “काही काम होतं?” मुलीने शाळेत मराठी उचललं होतं, आणि तेही थेट पुण्याचं.

म्हणजे साहेब लागले, मुलं लागली. आई काही लागेना.

तशी ती हसतमुख होती. मराठीच्या शिकवणीला जायची, दोन शब्दांमध्ये श्वास घेत घेत वाक्यं पूर्ण करायची. पण हसणं दारापर्यंतच टिकायचं, दार लावलं की पुसलं जायचं. गणपती होऊन गेल्यावर एकदा ती माझ्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसली होती. मी लसूण सोलत होते, ती मला मदत म्हणून लसूण नुसता हातात धरून होती.

“ताई,” ती म्हणाली, “आमच्या गावात मी कोणाच्याही मागच्या दाराने आत जायचे. काम नसताना. बसायचे, उठायचे, घरी यायचे. इथे सगळे चांगले आहेत. पण काम नसताना टकटक करावी असं मला एकही दार नाही.”

“हे काय? माझं दार आहे की!”

“तुमचं दार,” तिने लसणाकडे बघत हळूच म्हटलं, “ड्यूटीवर आहे.”

मला राग यायला हवा होता. पण दर रविवारी पाळकसाहेब मला ‘काय म्हणतायत आपली मंडळी’ विचारत आणि मी साग्रसंगीत अहवाल देई, हे तिलाही माहीत होतं.

“आम्ही दोघांनी ठरवलंय,” ती पुढे म्हणाली. “मार्चअखेर मुलांची शाळा संपली की ठरवायचं, इथे राहायचं की परत जायचं. त्यांना इथलं काम फार आवडतं, म्हणून ते मला काहीच म्हणत नाहीत. पण असं एक दार मिळालं नाही, तर मला नाही जमणार राहायला.”

दार शोधायला फार लांब जायचं नव्हतं. तिच्या समोरच होतं, फक्त ते बाईंचं होतं. बाई आणि तिची ओळख झाली होती, पण कशी? पहिल्याच दिवशी जिन्यात बाईंनी तिला थांबवून सांगितलं होतं, “धर्माचं काही बोलणार असाल तर आधीच सांगते. आमच्याकडे देव भरपूर आहेत. जागा नाही.” ती बिचारी गॅस सिलिंडर कुठे मिळतो ते विचारायला निघाली होती.

दिवाळी आली आणि बाईंनी रिवाजाप्रमाणे मजल्यावर फराळाचे डबे दिले. आमच्या मिशनरीबाईंनी चकली, चिवडा, शंकरपाळे सगळं संपवलं, स्टीलचा डबा लख्ख घासला आणि निघाली परत द्यायला. मी दारात आडवी झाले.

“रिकामा? रिकामा डबा परत करतेस?”

“धुतलाय,” ती म्हणाली.

मग मी तिला आपला नियम समजावला. शेजारणीचा डबा रिकामा परत करायचा नसतो. काही नसेल तर चिमूटभर साखर तरी घालायची. मला वाटलं ती चकित होईल, पण ती खो खो हसायलाच लागली. त्यांच्या गावात चर्चचा कार्यक्रम असला की बायकांना ‘येताना प्लेट घेऊन या’ असं सांगतात. अर्थात भरलेली. तिची एक काकू लग्न होऊन नवी नवी आली तेव्हा खरोखरच रिकामी प्लेट घेऊन गेली होती. काकू आता आजी झाली, गाव अजून हसतं.

तेव्हा ती कामाला लागली. साहेबांनी बुधवार पेठेत जाऊन एक छोटा ओव्हन आणला. आमच्या जुन्या इमारतीत कोणाची वायर कोणाच्या घरात शिरली आहे हे एका देवालाच ठाऊक, त्यामुळे ओव्हन लावला की समोर बाईंचा टीव्ही बंद पडायचा. बाई अंडं खात नाहीत, म्हणून तिने ओट आणि खोबऱ्याची बिस्किटं केली, मांजरी गावाहून माझ्या नणंदेने आणलेली काकवी घालून. सुरेख झाली. बिस्किटं डब्यात भरली, आणि मग तिने प्रेमाने, मला न विचारता, डब्याच्या मधोमध घरी केलेल्या पेरूच्या जामची एक छोटी बरणी ठेवली. तिच्या माहेरची, काचेची, तारेच्या खटक्याचं झाकण असलेली.

बरणी बघून मी ती काढून घ्यायला धावले. पण तोपर्यंत तिने बाईंची बेल वाजवली होती.

“अंडं?” बाईंनी दार उघडता उघडता विचारलं.

“नाही.”

“शपथ?”

हिचा चेहरा उतरला. “आम्ही शपथ घेत नाही.”

“म्हणजे अंडं आहे.”

“नाही, नाही! अंडं नाही. पण शपथ वाहू नका, असं प्रभूने सांगितलंय. हो तर हो म्हणा, नाही तर नाही.”

“अहो, मी कोर्टात नाही विचारत. स्वयंपाकाचं विचारतेय.”

“बाई, मी घेते शपथ,” मी मध्ये पडले. “मी तिथेच उभी होते. अंडं नाही.” मीही ख्रिस्तीच, पण पुण्याची.

बाईंनी डबा घेतला, झाकण उघडलं आणि बरणी दोन बोटांनी वर उचलली.

“पेरूचा जाम,” ही म्हणाली.

“जाम दिसतोय. बरणी कोणाची?”

“माझी.”

“हं,” बाई म्हणाल्या आणि दार लागलं.

आता गंमत बघा. बाईंचा डबा भरून बाईंच्या घरी गेला, म्हणजे व्यवहार पुरा झाला. आपल्याकडे शतकानुशतकं असंच चालतं, म्हणून तर समाज टिकून आहे. पण डब्याच्या पोटात परकी बरणी होती! ती आता बाईंच्या ओट्यावर बसली, आणि बाई काय बरणी रिकामी परत करणार? त्यांनी तिच्यात लिंबाचं लोणचं भरलं. तेवढ्यावरही निभावलं असतं. पण जामच्या घाईत काकांनी तारेचा खटका मोडून ठेवला होता. झाकण बसेना, म्हणून बाईंनी बरणीवर आपली स्टीलची वाटी पालथी घातली आणि वरून फडकं बांधलं. लोणचं डावीकडे आलं, त्याबरोबर वाटी आणि फडकंही आलं. झालं. मी माझ्या दारातून हे पाहिलं आणि खुर्ची ओढून बसले.

वाटीतून साखरेत घोळवलेली संत्र्याची सालं गेली. ती वाटी लहान म्हणून खाली तिची बशी गेली. बशीवरून साटोऱ्या आल्या, त्या गरम म्हणून बाईंचा पितळी डबा आला. डब्यातून लाल भोपळ्याचं सूप गेलं, ढवळायला तिचा लाकडी चमचा गेला. संक्रांतीला गुळपोळ्या ताटातून आल्या. ताट मोठं, म्हणून तिने ताटभर सफरचंदाचा काहीतरी कुरकुरीत प्रकार केला आणि तो सांडू नये म्हणून काचेच्या ट्रेमध्ये घालून ट्रे ताटात ठेवला. दर वेळी एक भांडं घरी यायचं आणि दुसरं अडकून बसायचं. बाईंचा टीव्ही बंद पडला की पलीकडून काकांचा उल्हसित आवाज यायचा, “अगं, मालिका गेली! येतंय हं काहीतरी!”

मधल्या मध्ये मी जकात नाका उघडला होता. माझ्या दारावरून जाणाऱ्या प्रत्येक भांड्यातून एक नग माझा. फक्त बिनअंड्याच्या केकचा पहिला प्रयोग मी सोडून दिला. तो बाईंनी दाराला अडण म्हणून वापरला असावा, कारण नंतर बरेच दिवस त्यांचं दार वाऱ्याने आपटलं नाही.

ने-आण करायला ताईसाहेब नेमल्या होत्या. ओढणी गुंडाळलेली ती सात वर्षांची पोर हातात ट्रे घेऊन बाईंच्या दारात उभी राहायची आणि निरोप द्यायची.

“आई म्हणते, खूप आभार, तुमचं ताट आणलंय. मी म्हणते, आता काही देऊ नका.”

“का गं?”

“मला परत यायला लागतं.”

“समोरच तर आहे घर.”

“तुम्हाला समोर. मला दिवसातून किती वेळा!”

“बरं,” बाई म्हणायच्या. “हे थालीपीठ घे आणि जा.”

फेब्रुवारी उजाडेपर्यंत दोन्ही स्वयंपाकघरांची पूर्ण अदलाबदल झाली होती. इकडे मिशनऱ्यांचं दूध बाईंच्या पातेल्यात तापत होतं. तिकडे काका तिच्या मापाच्या कपातून चहा पीत होते, आणि बाईंनी ‘एकच कप’ म्हटलं की कपावरची रेघ दाखवून तेवढाच भरून मागत होते. साहेब एकदा विद्यालयात डबा उघडायला गेले तर आत बाईंचं किसणीचं पातं निघालं. त्या दिवशी त्यांनी उपवास केला आणि विद्यार्थ्यांना वाटलं, लेंटची, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासांची, तयारी चाललीय.

साखळी तोडायचा एक प्रयत्न मी करून पाहिला. वाटेत एक वाटी माझ्याकडेच लपवून ठेवली. म्हटलं, एक कडी गायब झाली तर सगळं आपोआप थांबेल. तासाभरात बाई माझ्या दारात.

“आमची एक वाटी तुमच्याकडे अडकलीय.”

“असेल, बघते हं बाई.”

“बघायचं काय त्यात? फ्रिजच्या मागे असेल. तुमच्याकडे सगळं तिथेच असतं.”

वाटी फ्रिजच्या मागेच होती. ती मी देताना रिकामी देऊ शकले नाही, शेंगदाण्याचे लाडू घालून दिली. लाडू वाटीत मावेनात, म्हणून खाली माझी ताटली दिली. देवा रे! माझी ताटली परत यायला होळी उजाडली.

पण या सगळ्या धमालीत एक गोष्ट जमत नव्हती, आणि ती मला दिसत होती. सगळं उंबरठ्यावर चालायचं. बेल, भांडं, दोन वाक्यं, दार बंद. आत या म्हणायला बाईंना फुरसत नसायची, कारण त्यांच्या हातात गरम काहीतरी असायचं. ही चप्पल काढायची नाही, कारण हिच्या दोन्ही हातांत ट्रे. मार्च सरत आला तेव्हा ती पुन्हा माझ्या स्टुलावर येऊन बसली. वाळली होती. केसांत मैदा होता.

“ताई, बाईंची सगळी भांडी माझ्या घरात आहेत. त्यांचा सोफा कुठल्या रंगाचा आहे ते मला माहीत नाही.”

“तपकिरी आहे,” मी म्हणाले. मदत म्हणून.

ती हसली नाही. “मुलांची शाळा पुढच्या आठवड्यात संपते. यांनी परवा विचारलं, परत येतोय अशी घरी मेल लिहू का. मी म्हटलं, लिहा.”

पलीकडेही सगळं आलबेल नव्हतं. काकांच्या रक्ताची तपासणी झाली आणि त्या संध्याकाळी बाईंचा आवाज भिंतीतून माझ्याकडे आला. कोणी कोणाला न सांगता बरणीत बोट घातलं, किती वेळा घातलं, याची उलटतपासणी चालली होती. म्हटलं, आता तरी बाई थांबतील. दुसऱ्या दिवशी सकाळी तळणीचा वास. बाईंनी अळूवड्या पाठवल्या.

आणि त्याच दुपारी तिने माझी बेल वाजवली. दोन्ही हातांवर भांड्यांची उतरंड होती. खाली ताट, त्यावर पितळी डबा, पातेलं, चाळणी, वाट्या, अगदी वर दुमडलेली फडकी.

“ताई, अर्धं धरता का? सगळं परत करतेय.”

मी वरच्या वाट्यांत डोकावले. मग पातेल्यात. “अगं, यात काही घातलं नाहीस!”

“नाही.”

“थांब, माझ्याकडची साखर देते. चिमूट चिमूट घाल सगळ्यात. अगं, रिकामं नको देऊस, बाई जन्मात बोलणार नाहीत!”

“माझ्याकडे काही नाही, ताई. पीठ नाही, लोणी नाही, ओव्हन काल जळला. आणि आता माझ्याने होत पण नाही. जाताना निदान त्यांचं त्यांना देऊन जाते.”

आणि तिने कोपराने बाईंची बेल दाबली. दुपारची दोनची वेळ, बाईंची झोपेची. मी तिच्या मागे अर्धी उतरंड धरून उभी, सुळावर चढणाऱ्याचं सामान वाहणारा हमाल.

बाईंनी दार उघडलं. केस विस्कटलेले, एका हातात अजून झारा.

“हे सगळं तुमचं आहे,” ही म्हणाली. आज ती वाक्यात श्वास घ्यायलाही थांबली नाही. “धुतलंय. आणि रिकामं आहे. मला माहीत आहे रिकामं द्यायचं नसतं. पण माझ्याकडे द्यायला काहीच नाही.”

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग पातेल्यात वाकून पाहिलं. पितळी डब्याचं झाकण काढलं, आत बघितलं, पुन्हा लावलं. फडकं झटकलं. जन्मभर पेपर तपासलेली बाई, उत्तरपत्रिका कोरी आहे याची खात्री केल्याशिवाय शून्य देणार नाही.

“सगळी रिकामी?”

“हो.”

बाईंनी चौकटीला पाठ टेकली. झारा खाली ठेवला.

“सुटले गं बाई!” त्या म्हणाल्या.

मग त्या बोलतच सुटल्या.

“दिवाळीपासून तळतेय मी! दिवाळीपासून! गुडघ्यांचं पाणी झालं माझ्या. यांची साखर बघा जाऊन, आभाळाला टेकलीय. डोळे मिटले की बरण्या दिसतात. मुलगा फोनवर म्हणतो, आई, नुसती बरणी देऊन टाक. कशी देऊ? वयाने मोठी मी! आणि तुम्ही आलात कुठून, तर न्यूझीलंडहून. उद्या तिकडे जाऊन सांगाल, पुण्यात आम्हाला रिकामी बरणी मिळाली.”

“पण मला वाटलं तुम्हाला आवडतंय,” ही कशीबशी म्हणाली.

“मला वाटलं तुम्हाला आवडतंय!”

“मला आवडतंय!” आतून काकांनी ओरडून सांगितलं.

“तुम्ही गप्प बसा!” बाई आत बघून म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. “आणि तुम्ही उभ्याच आहात, तर ही भांडी आत ओट्यावर ठेवा. आमच्याकडची यांची सगळी टेबलावर आहेत, ती यांच्या घरी नेऊन टाका. रिकामी. कोणी काही घालायचं नाही. एक मनुकासुद्धा.”

मी नेली. किती फेऱ्या मारल्या देव जाणे. काकांच्या हातातला मापाचा कप मला सोडवून घ्यावा लागला. आणि प्रत्येक फेरीत मी त्या दोघींकडे बघत होते. दोघी उंबरठ्याच्या दोन बाजूंना तशाच उभ्या होत्या, आणि पहिल्यांदाच दोघींच्या हातांत काही नव्हतं. हातांचं काय करायचं ते दोघींनाही कळत नव्हतं. बाईंनी पदर सारखा केला. हिने मैदा पुसला. मला तर भीती वाटली की आता ‘बरंय मग’ म्हणून दोन्ही दारं लागतात, आणि तिकडे साहेबांची मेल जाते.

“आत ये,” बाई म्हणाल्या.

ही गोंधळली. “पण माझं... काही काम नाही.”

“मी विचारलं का, काम आहे का म्हणून? चप्पल बाहेर काढ.”

तिने चप्पल काढली. काढताना तिचा तोल गेला, बाईंनी दंडाला धरून तिला आत ओढलं, आणि शेवटचा काचेचा ट्रे हातात घेऊन मी जिन्यात उभी असताना माझ्या नाकासमोर दार बंद झालं.

मी अर्धा तास कळ काढली. मग कोथिंबीर मागायला म्हणून बेल वाजवली. बाईंनी दार फटीएवढं उघडलं.

“काय काम आहे?”

“जरा कोथिंबीर...”

“खाली भाजीवाली बसलीय.”

फटीतून मला तपकिरी सोफ्याचा कोपरा दिसला. त्यावर पाय वर घेऊन बसलेली ती दिसली. काका तिला जुन्या फोटोंचा अल्बम दाखवत होते आणि चुकीची नावं सांगत होते, कारण आत जाता जाता बाई ओरडल्या, “ती तुमची आत्या नाही, ती माझी आत्या!”

मुलं शाळेतून आली, माझ्याकडे पोळी खाऊन पुन्हा खेळायला गेली. चिरंजीवांनी जिन्यातच गणवेश उतरवला. दिवे लागायच्या सुमारास साहेब आले. त्यांचं दार उघडं, आत सगळी भांडी ढीग करून ठेवलेली. ते बाहेर आले. चेहरा पांढरा, कानसुद्धा पांढरे.

“तिने भांडी बांधायला काढली?” त्यांनी मला विचारलं. “कुठे आहे ती?”

“समोर.”

“काय द्यायला गेलीय?”

“काही नाही.”

“मग काही आणायला?”

“तेही नाही.”

ते समोरच्या दाराकडे बघत राहिले. “कधी गेली?”

“दुपारी.”

“दुपारी,” ते म्हणाले, आणि त्यांचे कान हळूहळू पुन्हा लाल झाले. त्यांनी पाठीवरची बॅग काढली, जिन्याच्या पायरीवर बसले आणि डोळे मिटले. मला वाटलं प्रार्थना करतायत, म्हणून मीही मान खाली घातली. थोड्या वेळाने त्यांनी एक डोळा उघडला.

“ताई, मग आज जेवायला काय?”

दारापलीकडे बाईंचे कान तीक्ष्ण. चाळीस मुलांच्या वर्गात मागच्या बाकावरची कुजबुज ऐकण्यात आयुष्य गेलेलं. आतूनच आवाज आला.

“त्यांना सांगा, हिला उशीर होईल! डाळ-तांदूळ लावा म्हणावं, तीन शिट्ट्या! आणि जिन्यात बसू नका, जायला-यायला वाट लागते लोकांना!”

पाठोपाठ तिचं हसणं ऐकू आलं. दार बंद असूनही बराच वेळ येत राहिलं.

साहेब उठले. बॅग जिन्यातच राहिली.

“तीन?” त्यांनी मला विचारलं.

“तीन,” मी म्हणाले.

त्यांनी तीन बोटं वर केली, आणि विसरायला नको म्हणून ती तशीच वर धरून आत गेले.